सायकलीची बैठक

पायांतला जोडा बोटभर लहान निघाला, तर माणूस तो दुकानदाराला परत करतो. सदरा खांद्यांत दाटला, तर शिंप्याकडे दुसरी खेप घालतो. बैलाची मान जुंवाखालीं सोलवटूं लागली, तर शेतकरी त्याच दिवशीं त्याचा बंदोबस्त करतो. सायकल मात्र दुकानांतून ज्या स्थितींत बाहेर पडली, त्याच स्थितींत दहा दहा वर्षें चालविली जाते. सीट त्याच उंचीवर, हँडल त्याच जागीं. तिच्यावर बसणारा मात्र सकाळीं बाप, दुपारीं मुलगा आणि शाळेच्या वेळीं मुलगी. मग गुडघे दुखूं लागतात, हाताला मुंग्या येतात, कंबर धरते. दोष दिला जातो तो रस्त्याला, वयाला किंवा सायकल या वाहनालाच. खरें कारण पुष्कळदां एका नटांत असतें, आणि तो नट फिरविण्यास एक पान्हा पुरेसा असतो. खोगीर आणि हँडल हीं आपल्या शरीराला कशीं जुळवून घ्यावीं, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

हा विषय वरवर क्षुल्लक वाटतो. परंतु बीड जिल्ह्यासारख्या मुलुखांत तो क्षुल्लक नाहीं. या जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर गोदावरी आहे आणि गेवराई-माजलगांवकडील भूमि बरीच सपाट आहे. मध्यभागीं बालाघाटाची रांग आडवी पसरली आहे. सपाट रस्त्यावर चुकीची बैठक लपून राहते. मांजरसुंब्याच्या किंवा धारूरच्या घाटांत ती लपत नाहीं. बीडहून निघालेला सायकलस्वार सुमारें २० किलोमीटरवरील मांजरसुंब्याला पोहोंचेपर्यंत त्याच्या गुडघ्यानें हजारों वेळां वाकण्याचें व सरळ होण्याचें काम केलेलें असतें. एका फेरींत होणारी चूक नखाएवढी असली, तरी हजारों फेऱ्यांनीं ती डोंगराएवढी होते.

दुसरें असें कीं, ज्यांना सायकलीची खरी गरज आहे, त्यांनाच तिच्या जुळवणीची माहिती सर्वांत कमी असते. महाराष्ट्र शासनाच्या मानव विकास कार्यक्रमांतून ग्रामीण भागांतील आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळाल्या. वस्तीपासून शाळेपर्यंतचे तीन-चार किलोमीटर ज्या मुलीला रोज दोन वेळां तुडवावयाचे आहेत, तिच्या दृष्टीनें सायकल म्हणजे शाळेचें दारच होय. तेंच दार उघडतांना रोज गुडघा दुखूं लागला, तर ती कांहीं महिन्यांत सायकल भिंतीला टेकवून ठेवते. त्यानंतर शाळाहि सुटण्याचा संभव असतो. म्हणून हा प्रश्न केवळ शर्यतीच्या हौसेचा नव्हे.

सायकलीच्या इतिहासांतच या विषयाचें मूळ आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत पुढचें चाक फार मोठें आणि मागचें अगदीं लहान, अशी सायकल इंग्लंडांत प्रचारांत होती. तिचीं पायडलें पुढच्या चाकाच्या आंसालाच जोडलेलीं असत. त्यामुळें ज्याचा पाय जेवढा लांब, तेवढें मोठें चाक त्याला घ्यावें लागे. सायकल ही जोड्यासारखी मापानें घेण्याची वस्तु होती. पुढें १८८५ सालीं जॉन केम्प स्टार्ली यानें ‘रोव्हर’ नांवाची, दोन्ही चाकें जवळजवळ सारखीं असलेली आणि साखळीनें मागचें चाक फिरविणारी सायकल पुढें आणली. १८८८ सालीं डनलॉपनें हवेच्या टायरचें पेटंट घेतलें. आजची आपली सायकल या दोघांची संतति आहे. नव्या रचनेनें पायाची लांबी आणि चाकाची उंची यांची फारकत झाली. एकच सांगाडा निरनिराळ्या उंचीच्या माणसांना चालावा, म्हणून खोगीर व हँडल वर-खालीं करण्याची सोय तिच्यांत आली. ही सोय म्हणजे सायकलीचें एक मुख्य अंग आहे. तिचा उपयोग न करणें म्हणजे खिडकी असून ती कधींच न उघडणें होय.

सायकलीवर बसलेल्या माणसाचा भार पांच ठिकाणीं वांटला जातो : दोन पाय, दोन हात आणि बैठक. यांपैकीं पायांचें काम सर्वांत मोठें. म्हणून जुळवणी पायांपासून सुरू करावी. आधीं खोगिराची उंची, मग त्याचें पुढें-मागें सरकणें, मग त्याचा उतार आणि सर्वांच्या शेवटीं हँडल, असा हा क्रम आहे. हँडलापासून आरंभ करणारा माणूस पायाच्या आधीं छप्पर घालतो. खोगीर हललें कीं त्याचें सर्व काम पुन्हा करावें लागतें.

खोगिराची उंची ठरविण्याची पहिली रीत टाचेची आहे. तिला ना फूटपट्टी लागते, ना गणित. नेहमींचीं पादत्राणें घालून सायकलीवर सरळ बसावें आणि दुसऱ्या कोणाला तरी हँडल धरावयास सांगावें. एक पायडल अगदीं खालीं, सीटच्या नळीच्या रेषेंत आणून त्याच्या मधोमध टाच ठेवावी. या स्थितींत गुडघा पूर्ण सरळ व्हावा. मात्र त्यासाठीं कंबर एका बाजूस कलतां कामा नये. टाच पोहोंचत नसेल, तर खोगीर उंच आहे. गुडघा वांकलेला राहत असेल, तर तें खालीं आहे. प्रत्यक्ष चालवितांना पायडलवर टाच नसून पायाचा चवडा असतो. त्यामुळें पाय सर्वांत खालीं असतांना गुडघ्यांत थोडा वांक राहतो. हा वांक २५ ते ३५ अंशांचा, म्हणजे काटकोनाच्या सुमारें तिसऱ्या हिश्श्याएवढा असावा, असें आज सामान्यतः मानलें जातें.

दुसरी रीत मापाची आहे. अनवाणी पायांनीं भिंतीला पाठ लावून उभें राहावें. जाड पुठ्ठ्याचें पुस्तक दोन्ही मांड्यांमध्यें, त्याची पाठ वर येईल असें धरावें, आणि खोगिरावर बसल्यासारखा दाब येईपर्यंत वर सरकवावें. पुस्तकाच्या वरच्या कडेपाशीं भिंतीवर खूण करावी. जमिनीपासून त्या खुणेपर्यंतचें अंतर हें पायाचें आंतील माप. १९६७ सालीं हॅम्ली व थॉमस या इंग्रज संशोधकांनीं असें प्रसिद्ध केलें कीं, पायडल सर्वांत खालीं असतांना त्याच्या आंसापासून खोगिराच्या माथ्यापर्यंतचें अंतर आंतील मापाच्या शेंकडा १०९ ठेवलें असतां पायांची शक्ति उत्तम वापरली जाते. दुसरा एक नियम शर्यतीच्या जगांतून आला. फ्रान्समधील मार्गदर्शक सिरिल गिमार आणि अमेरिकन स्वार ग्रेग लेमाँड यांच्यामुळें तो प्रसिद्ध झाला. आंतील मापाला ०.८८३ नें गुणावें. येईल तें अंतर क्रँकच्या मधल्या आंसापासून खोगिराच्या माथ्यापर्यंत ठेवावें, असें तो सांगतो.

उदाहरण घेऊं. आंतील माप ८० सेंटिमीटर आहे. पहिल्या नियमानें ८७.२ सेंटिमीटर येतात. त्यांतून क्रँकची लांबी १६.५ वजा केली, कीं मधल्या आंसापासूनचें अंतर ७०.७ उरतें. दुसऱ्या नियमानें उत्तर ७०.६ येतें. येथें दोन्ही नियमांचा मेळ बसला. परंतु आंतील माप फार कमी किंवा फार जास्त असेल, तर दोहोंत एक-दोन सेंटिमीटरांचा फरक पडतो. शिवाय हे नियम शर्यतीचे जोडे घालून जोरानें चालविणाऱ्यांच्या जगांतले आहेत. यास्तव सामान्य स्वारानें उत्तरांत एक-दीड सेंटिमीटर कमी करून आरंभ करावा आणि शेवटचा निकाल गुडघ्याकडूनच घ्यावा.

याच गणितानें एक महत्त्वाची गोष्ट उघड होते. समजा, एक विद्यार्थिनी १५० सेंटिमीटर उंच आहे आणि तिचें आंतील माप ७० सेंटिमीटर आहे. पहिल्या नियमानें तिचें खोगीर मधल्या आंसापासून सुमारें ६० सेंटिमीटरांवर हवें. आतां घरांत असलेली सायकल २२ इंची, म्हणजे तिच्या सीटची नळी सुमारें ५६ सेंटिमीटर लांब. उरले ४ सेंटिमीटर. तेवढ्यांत खोगीर, त्याच्या स्प्रिंगा आणि त्याची पकड मावत नाहीं. म्हणजे सीट अगदीं तळाला नेली तरी ती या मुलीला उंचच राहणार. मग ती खालच्या पायडलापर्यंत पोहोंचण्यासाठीं प्रत्येक फेरींत डावीकडे-उजवीकडे झुलत राहते. लहान मुलें नळीखालून पाय घालून ‘हाफ पायडल’ मारतात, त्याचेंहि कारण हेंच. अशा वेळीं कोणताहि नट उपयोगी पडत नाहीं. सांगाडाच लहान हवा. त्याच मुलीला १८ इंची सांगाडा दिला, तर नळीच्या वर १४ सेंटिमीटर जागा राहते आणि जुळवणीला वाव मिळतो. म्हणून सायकल घेतांना रंग आणि घंटी पाहण्यापूर्वीं पायाचें माप पाहावें. ‘मूल वाढतें आहे, मोठीच घ्या’ हा हिशेब सदऱ्याला चालतो, सायकलीला चालत नाहीं.

मोठ्या माणसांची चूक याच्या उलट असते. त्यांचें खोगीर बहुधा फार खालीं असतें. बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला सपाट टेकले म्हणजे सीट बरोबर, ही समजूत सर्वत्र पसरलेली आहे. तिच्यामागें पडण्याची भीति आहे आणि गर्दीच्या बाजारांत ती अगदींच निराधार नाहीं. परंतु तिची किंमत गुडघ्याला द्यावी लागते. उकिडवें बसलेल्या माणसाला उठतांना गुडघ्यावर हात ठेवावा लागतो. तोच माणूस उंच बाजेवरून सहज उठतो. गुडघा जितका अधिक वांकलेला, तितकी त्याची वाटी मांडीच्या हाडावर अधिक जोरानें दाबली जाते. खालीं बसविलेलें खोगीर स्वाराला प्रत्येक फेरींत उकिडव्यावरून उठावयास लावतें. घाटांत तर हा जोर आणखी वाढतो आणि गुडघ्याच्या पुढच्या बाजूस, वाटीभोंवतीं दुखणें सुरू होतें.

खोगीर उंच केल्यावर थांबावयाचें कसें, हा प्रश्न राहतो. त्याचें उत्तर सोपें आहे. थांबतांना खोगिरावर बसून राहूं नये. ब्रेक लावून पुढें सरकावें, नळीच्या दोन्ही बाजूंस पाय घेऊन एक पाय खालीं टेकावा. मोकळ्या मैदानावर दोन-तीन दिवस सराव केला, कीं ही संवय लागते. ज्यांची भीति मोठी असेल, त्यांनीं खोगीर एकदम न उचलतां आठवड्याला अर्धा अर्धा सेंटिमीटर उचलावें.

प्रमाणाबाहेर उंच खोगीरहि तितकेंच वाईट. तसें झाल्यास गुडघ्याच्या मागील शिरा ओढल्या जातात, पायाचीं बोटें खालीं रोखावीं लागतात आणि कंबर दोन्ही बाजूंना हेलकावे खाते. मागून येणाऱ्या सोबत्याला स्वाराच्या कमरेकडे पाहावयास सांगावें. कमरपट्टा तराजूच्या दांडीप्रमाणें वर-खालीं होत असेल, तर खोगीर थोडें उतरवावें.

प्रत्यक्ष काम करतांना आधीं जुन्या जागेवर रंगाची खूण करावी, म्हणजे परत येण्याची वाट राहते. सीटच्या नळीच्या तोंडाशीं असलेला आडवा बोल्ट सैल करावा. दांडी गंजली असेल, तर तेलाचे दोन थेंब सोडून कांहीं वेळ थांबावें आणि मग खोगीर डावीकडे-उजवीकडे पिळत वर घ्यावें. हातोडी मारूं नये. दांडीवर कमाल मर्यादेची रेघ कोरलेली असल्यास ती नळीबाहेर दिसतां कामा नये. रेघ नसेल, तर निदान ६-७ सेंटिमीटर दांडी नळीच्या आंत राहूं द्यावी. एवढा आधार न ठेवल्यास दांडी वांकते किंवा नळीचें तोंड फाटतें.

उंचीनंतर खोगिराची पुढची-मागची जागा. यासाठीं गवंड्याचा ओळंबा उपयोगी पडतो. नसल्यास दोऱ्याला एखादा नट बांधला तरी चालतें. दोन्ही क्रँक जमिनीशीं समांतर करून चवडे पायडलवर ठेवावे. पुढच्या पायाच्या गुडघ्याच्या वाटीखालीं जें हाडाचें टेंगूळ लागतें, तेथून ओळंबा सोडावा. तो पायडलच्या आंसाच्या आसपास पडला, तर आरंभाला ही जागा ठीक समजावी. मात्र हा नियम निसर्गाचा कायदा नव्हे. अमेरिकेंतील सायकल-कारागीर कीथ बाँट्रॅगर यांनीं त्यावर आक्षेप घेतला आहे. पाठीवर रेलून चालवावयाच्या सायकलींत गुडघा पायडलच्या वर कधींच येत नाहीं, तरी ती उत्तम चालते, असें ते दाखवून देतात. या सरकवण्याचा खरा हेतु शरीराचा तोल हा आहे. सपाट रस्त्यावर बेताच्या जोरानें चालवीत असतां हातांचा भार क्षणभर अगदीं हलका करून पाहावा. शरीर पुढें कोसळूं पाहत असेल, तर खोगीर पुढें गेलेलें आहे. तें थोडें मागें घ्यावें. जुन्या काळ्या सायकलींत सीटची नळी अधिक तिरपी असल्यानें बैठक मुळांतच मागें असते. तेथें हा दोष क्वचित् आढळतो. शर्यतीच्या धर्तीच्या नव्या सायकलींची नळी अधिक उभी असते. तेथें तो पाहावा लागतो. खोगीर मागें सरकविलें, कीं पायडलपासूनचें अंतरहि थोडें वाढतें. म्हणून उंची पुन्हा एकदां तपासावी.

उतारासाठीं गवंड्याचीच पाणसळ घ्यावी. खोगिरावर लांब पट्टी ठेवून तिच्यावर पाणसळ मांडली असतां बुडबुडा मध्यावर असावा. चोंच वर असेल, तर नाजुक भागावर दाब येऊन बधिरता येते. ती फार खालीं असेल, तर माणूस सारखा पुढें घसरतो आणि त्याला हातांनीं स्वतःस मागें रेटावें लागतें. मग दुखतात मनगटें, आणि दोष जातो हँडलाला. गरज वाटल्यास चोंच एक-दोन अंश खालीं करावी; त्याहून जास्त करावी लागत असेल, तर चूक अन्यत्र शोधावी. बैठकीच्या दोन हाडांना आधार मिळेल एवढी खोगिराची रुंदी असावी. स्त्रियांच्या या हाडांमधील अंतर सरासरीनें अधिक असतें. म्हणून पुरुषाला सोयीचें अरुंद खोगीर मुलीला टोंचत असल्यास नवल नाहीं. मऊ गादी हा त्यावर उपाय नव्हे. फार मऊ गादींत हाडें रुततात आणि मधला भाग वर येऊन टोंचतो.

आतां हँडल. खोगीर कायम झाल्याशिवाय त्याला हात लावूं नये, आणि हँडल दूर वाटतें म्हणून खोगीर पुढें ओढूं नये. खोगिराची जागा पाय ठरवितात. हँडलाची जागा पाठ, मान आणि हात ठरवितात. हात ठेवल्यावर कोंपर किंचित् वांकलेलें असावें, खांदे कानांकडे चढलेले नसावे आणि समोरचा रस्ता मान ताणल्याशिवाय दिसावा. नव्या स्वारानें हँडल खोगिराच्या पातळींत किंवा थोडें वर ठेवावें. शर्यतींतील स्वार वारा टाळण्यासाठीं तें बरेंच खालीं ठेवतात. परंतु त्यांच्या पाठीला वर्षानुवर्षांचा सराव असतो. त्यांचें अनुकरण करून मान धरून घेण्यांत शहाणपण नाहीं.

मान ही केवढी मोठी गोष्ट आहे, हें लांब पल्ल्याच्या शर्यतींवरून दिसतें. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारें ४८०० किलोमीटरांची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही शर्यत प्रसिद्ध आहे. नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनीं ती २०१५ सालीं दोघांच्या गटांत पुरी केली. नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनीं २०१७ सालीं ती एकट्यानें बारा दिवसांच्या मुदतींत संपविली. या शर्यतींत कांहीं स्वारांच्या मानेचे स्नायु इतके थकतात कीं डोकें वर धरवत नाहीं. मायकेल शर्मर या स्वारावर १९८३ सालीं हा प्रसंग ओढवला, तेव्हांपासून या विकाराला ‘शर्मरची मान’ असें म्हणतात. शाळेच्या वाटेवर तो कोणाला होणार नाहीं. परंतु ज्या ताणाचें तें टोंक आहे, तो ताण दहा किलोमीटरांतहि जाणवतो.

जुन्या पद्धतीच्या सायकलींत हँडलाची दांडी चिमट्याच्या नळींत उतरलेली असते व आंत पाचरीनें आंवळलेली असते. वरचा बोल्ट तीन-चार आटे सैल केला तरी हँडल हलत नाहीं. कारण पाचर अडकलेली असते. बोल्टच्या डोक्यावर लांकडाचा ठोकळा ठेवून हातोडीनें बेताचा ठोका द्यावा, पाचर सुटते. मग पुढचें चाक दोन्ही गुडघ्यांत धरून हँडल हवें तेवढें वर किंवा खालीं घ्यावें, चाकाशीं काटकोनांत आणावें आणि बोल्ट आंवळावा. येथेंहि मर्यादेची रेघ पाळावी. ती नसल्यास निदान ६-७ सेंटिमीटर दांडी आंत ठेवावी. कारण धांवत्या सायकलीचें हँडल हातांत येणें याएवढा दुसरा घात नाहीं. शेवटीं चाक गुडघ्यांत धरून हँडल पिळून पाहावें. तें फिरतां कामा नये. ज्या सायकलींना तारेऐवजीं लोखंडी दांड्यांचे ब्रेक असतात, त्यांची एक खुबी ध्यानांत ठेवावी. हँडल वर केलें, कीं ब्रेकची दांडी वर ओढली जाते आणि रबरें रिमला घासूं लागतात. हँडल खालीं केलें, कीं ब्रेक सैल पडतो. म्हणून हँडलाबरोबर ब्रेकहि त्याच वेळीं जुळवावा.

नव्या सायकलींत ही रचना बदलली आहे. चिमट्याची नळीच वर येते आणि हँडल धरणारा तुकडा, म्हणजे ‘स्टेम’, बाहेरून तिच्यावर बसतो. येथें हँडल वर घेण्याची सोय नळीच्या लांबीपुरतीच असते. स्टेमच्या वर असलेल्या कड्या काढून खालीं घातल्या, तर हँडल वर येतें. कांहीं स्टेम उलटे बसविले असतांहि थोडी उंची मिळते. क्रम मात्र पाळावा. आधीं बाजूचे बोल्ट सैल करावे, मग टोपीचा बोल्ट काढावा. परत बसवितांना टोपीचा बोल्ट चिमट्याचा खुळखुळ जाईल एवढाच आंवळावा. मग हँडल सरळ करून बाजूचे बोल्ट आळीपाळीनें आंवळावे. किती जोर द्यावा याचा आंकडा बहुधा स्टेमवर न्यूटन-मीटरांत छापलेला असतो. कार्बनच्या भागांवर तर तो काटेकोर पाळावा. हँडल दूर पडत असेल, तर स्टेम एक सेंटिमीटर आंखूड घ्यावा. एकदम फार आंखूड घेतल्यास सायकल चंचल होते. काम झाल्यावर हँडल दोन्ही बाजूंस पूर्ण फिरवून ब्रेकच्या तारा ताणल्या जात नाहींत ना, हें पाहावें.

ही सर्व जुळवणी एका दिवसांत संपत नाहीं. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, तीहि अर्ध्या सेंटिमीटरानें, आणि तीन-चार दिवस चालवून मग दुसरीकडे वळावें. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर गुण कशाचा आणि दोष कशाचा हें कळत नाहीं. मापें वहींत लिहून ठेवावीं. शरीर स्वतःच तक्रार सांगतें. ती ओळखतां आली पाहिजे. गुडघा पुढून दुखतो, तर खोगीर बहुधा खालीं किंवा फार पुढें. मागून दुखतो, तर बहुधा उंच किंवा फार मागें. हाताचीं शेवटचीं दोन बोटें बधिर होतात, तर तळव्यावर भार जास्त. आधीं खोगिराचा उतार पाहावा, मग हँडलाची उंची. मान व खांदे भरतात, तर हँडल खालीं किंवा दूर. बैठकीच्या भागांत बधिरता येते, तर चोंच वर किंवा खोगीर उंच. सायकलीवरून उतरल्यावरहि बधिरता टिकून राहत असेल किंवा सांध्याला सूज येत असेल, तर पान्हा बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावें. सर्वच दुखणीं नटांत नसतात.

या विद्येला मोठें भांडवल लागत नाहीं. एक पान्हा, एक मोजपट्टी, एक ओळंबा आणि कोणाचा तरी अर्धा तास एवढी सामग्री पुरते. ज्या शाळेच्या आवारांत पन्नास सायकली उभ्या राहतात, तेथें वर्षाच्या आरंभीं एखाद्या शनिवारीं ही मापें घेण्याचा पाठ ठेवतां येईल. त्यांत शेंकडेवारी आहे, कोन आहे, तरफ आहे. म्हणजे गणित व शास्त्र या विषयांचा तासहि बुडत नाहीं. वरच्या वर्गांतील मुलींनीं खालच्या वर्गांतील मुलींचीं खोगिरें लावून द्यावीं. ज्या मुलीला एकदां आपल्या हातानें खोगीर वर-खालीं करतां आलें, ती पुढें घरांतल्या कोणाच्याहि मापाला लावलेल्या सायकलीवर मुकाट्यानें दुखणें सोसत बसणार नाहीं. ती आधीं नट सैल करील, आपली खूण पाहील, आणि मग शाळेला निघेल.